वारस एकदाच सिद्ध व्हावा

मुलुंड चेकनाक्याच्या अलीकडे फ्लॅट असला, तर मालकाच्या मृत्युपत्राला हायकोर्टाचं प्रोबेट, म्हणजे ते खरं असल्याचा कोर्टाचा शिक्का, लागे. नाका ओलांडून ठाण्यात असला, तर लागत नसे. मृत्युपत्र तेच, साक्षीदार तेच, वारसही तेच. भारतीय वारसा कायदा १९२५ सालचा. ब्रिटिश इलाख्यांच्या तीन राजधान्यांना, म्हणजे मुंबई, कोलकाता आणि चेन्नईला, त्यातल्या कलम २१३ नं प्रोबेटची सक्ती चिकटवून ठेवली होती. हिंदू, बौद्ध, जैन, शीख आणि पारशी कुटुंबांना ती लागू होती. मुस्लिमांना नव्हती, आणि भारतीय ख्रिश्चनांना २००२ मध्ये तिच्यातून वगळण्यात आलं. जन्मभर पुण्यात राहिलेल्या माणसाची दादरला एक खोली असली, तरी त्याच्या मुलांना मृत्युपत्र घेऊन मुंबईला यावं लागे. अखेर डिसेंबर २०२५ मध्ये संसदेनं हे कलमच काढून टाकलं.

निर्णय योग्य आहे आणि तो फार पूर्वीच व्हायला हवा होता. एकाच देशात, एकाच कायद्याखाली, पत्त्यावरून मृत्युपत्राची किंमत ठरावी, याला काहीही आधार नव्हता. पण यामुळे महाराष्ट्रातल्या शोकाकुल घरांची धावपळ संपली, असं कोणी समजत असेल तर तो गैरसमज आहे. राज्यातल्या बहुसंख्य घरांत मृत्युपत्रच नसतं, त्यामुळे प्रोबेट त्यांच्या वाटेला कधी आलंच नव्हतं. त्यांचा त्रास निराळा आहे, आणि त्याला संसदेनं अजून हातही लावलेला नाही.

एक नेहमीचं घर घेऊ. साताऱ्याकडचे, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी जातात. मागे पत्नी, एक मुलगा, दोन विवाहित मुली आणि नव्वदीतली आई. गावाकडे तीस गुंठे जमीन, कर्ज फेडून पुण्यात घेतलेला फ्लॅट, राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेव, तालुक्याच्या पतसंस्थेत आणखी एक ठेव, पोस्टात मासिक प्राप्ती योजनेचं खातं, एलआयसीची एक पॉलिसी, थोडे शेअर्स आणि एक स्कूटर. यात डोळे दिपवणारं काही नाही. महाराष्ट्रातला निम्न मध्यमवर्ग आयुष्यभर राबून जे जमवतो, तेवढंच आहे.

आता मुलगा कागदांची पिशवी घेऊन निघतो. जमिनीसाठी तलाठ्याकडे, ज्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. फ्लॅटसाठी सोसायटीच्या सेक्रेटरीकडे, मग महापालिकेच्या मिळकत कर विभागात, मग महावितरणच्या कार्यालयात. ठेवींसाठी बँक, पतसंस्था आणि पोस्ट. विम्यासाठी एलआयसीची शाखा. शेअर्ससाठी डीमॅट खातं सांभाळणारी कंपनी. स्कूटरसाठी आरटीओ, तिथला फॉर्म ३१. गुरुजींच्या पत्नीच्या कुटुंब निवृत्तिवेतनासाठी जिल्हा परिषद. या प्रत्येक टेबलावर सिद्ध काय करायचं, तर एकच: गुरुजी गेले, आणि मागे ही पाच माणसं आहेत. एका टेबलावर सिद्ध झालेली ही गोष्ट शेजारच्या टेबलावर पुन्हा पहिल्यापासून सिद्ध करावी लागते. प्रत्येकाचा नमुना वेगळा, प्रतिज्ञापत्राचा मसुदा वेगळा, क्षतिपूर्ती बंधपत्र वेगळं, जामीनदारांची अट वेगळी.

त्यात नावांचा घोळ. मृत्यूच्या दाखल्यावर ‘दत्तात्रय’, सातबाऱ्यावर ‘दत्तू’, पॉलिसीवर ‘डी. बी.’. पत्नीचं शाळेच्या दाखल्यावरचं नाव माहेरचं, लग्नात बदललेलं नाव रेशनकार्डावर, आणि आधार कार्डावर तिसरंच काहीतरी. मग ‘या नावांची व्यक्ती एकच आहे’ असं प्रतिज्ञापत्र करून द्या. दहाव्या-तेराव्याचे विधी उरकतात न उरकतात, तोच नुकतंच कुंकू पुसलेली बाई नोटरीसमोर बसून आपण आपणच असल्याची शपथ घेत असते. आपल्या तालुक्याच्या गावी हे दृश्य रोजचं आहे. रोजचं आहे म्हणून ते कोणाला खटकत नाही, हेच खटकायला हवं.

एखादं कार्यालय एवढ्यावर समाधान मानत नाही आणि सरळ सांगतं, ‘कोर्टाचा कागद आणा.’ कोर्टाचा कोणता कागद, हे विचारायची सोय नसते. कारण कागद दोन आहेत. १९२५ च्या कायद्याखाली मिळणारं सक्सेशन सर्टिफिकेट फक्त येणं असलेले पैसे आणि रोखे यांच्यापुरतं चालतं. जमीन आणि घर त्यात येत नाही. स्थावर मालमत्तेचा प्रश्न असेल तर जुन्या मुंबई इलाख्याच्या भागात वकील हेअरशिप सर्टिफिकेटचा अर्ज करतात, आणि तो अर्ज होतो १८२७ च्या मुंबई रेग्युलेशन ८ खाली. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन मुंबईचा गव्हर्नर असतानाचं हे रेग्युलेशन. पेशवाई बुडून जेमतेम नऊ वर्षं झाली होती.

हे रेग्युलेशन आज हातात घेऊन वाचलं तर पहिल्याच कलमाशी थांबावं लागतं. माणूस मरण पावला की त्याच्या वारसानं कोर्टाकडे कोणताही अर्ज न करता मालमत्तेचा कारभार हाती घ्यावा, हवं तर येणं वसूल करण्यासाठी दावाही लावावा, अशी मुभा तिथे स्पष्ट दिली आहे. कोर्टाची मान्यता ज्याला हवी असेल त्यानं मागावी, तेव्हा कोर्ट जाहीरनामा काढून हरकती मागवील, असा पुढचा भाग आहे. जवळपास दोनशे वर्षांपूर्वीच्या परक्या राज्यकर्त्यानं वारसावर विश्वास ठेवून सुरुवात केली होती. स्वतंत्र देशातल्या बँकेनं, सोसायटीनं आणि सरकारी कार्यालयानं अविश्वासापासून सुरुवात केली, आणि ऐच्छिक असलेला कागद सक्तीचा करून टाकला. तमिळनाडूत कायदेशीर वारसांचा दाखला तहसीलदार देतो. महाराष्ट्रात तहसीलच्या दाखल्याला पेन्शनसारख्या मर्यादित कामापलीकडे फारसं कोणी विचारत नाही, आणि बिनवादाची साधी घरंसुद्धा दिवाणी न्यायालयाच्या पायऱ्या चढतात.

या सगळ्यावर लोकांनी एक तोडगा मनाशी धरला आहे: नॉमिनी. ‘नॉमिनी लावलाय ना, मग काळजी नाही,’ हे वाक्य बँकेच्या काउंटरपासून लग्नाच्या पंगतीपर्यंत ऐकू येतं. ते अर्धंच खरं आहे, आणि त्या अर्ध्या सत्यानं महाराष्ट्रातली किती भावंडं एकमेकांच्या समोर उभी केली असतील!

गंमत म्हणून नव्हे, तर कायदा नीट कळावा म्हणून ‘कालनिर्णय’कारांच्या घरातलं प्रकरण पाहायला हवं. जयंत साळगांवकरांनी १९७३ मध्ये सुरू केलेलं कॅलेंडर मराठी घरांच्या भिंतीवर कायमचं जाऊन बसलं. २०१३ च्या ऑगस्टमध्ये त्यांचं निधन झालं. त्यांनी २०११ मध्ये मृत्युपत्र केलेलं होतं. पण काही मुदत ठेवी आणि म्युच्युअल फंड त्या मृत्युपत्राबाहेर होते, आणि त्यांवर कुटुंबातल्या निरनिराळ्या व्यक्तींची नावं नॉमिनी म्हणून लागलेली होती. प्रश्न असा पडला, की कंपनी कायद्यानुसार रोखे नॉमिनीकडे ‘निहित’ होतात, तर मग तो मालक झाला की राखणदार?

प्रश्न वरवर सोपा वाटतो, कारण विम्याच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयानं १९८३ मध्येच सांगितलं होतं की नॉमिनी पैसे फक्त स्वीकारतो, ते वारसांचे असतात. शेअर्सच्या बाबतीत मात्र २०१० मध्ये मुंबई हायकोर्टाच्या एका न्यायमूर्तींनी उलटा निकाल दिला. त्या प्रकरणात पतीनं नॉमिनी म्हणून पत्नीऐवजी नात्यातल्या दुसऱ्याच माणसाचं नाव दिलेलं होतं. पत्नी वारस म्हणून कोर्टात गेली आणि हरली. साळगांवकर प्रकरणात २०१५ मध्ये त्याच हायकोर्टानं तो निकाल चुकीचा ठरवला, २०१६ मध्ये खंडपीठानं त्यावर शिक्कामोर्तब केलं, आणि १४ डिसेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयानं अंतिम शब्द दिला: शेअर असोत वा म्युच्युअल फंड, नॉमिनेशन म्हणजे वारसाहक्काची तिसरी वाट नव्हे. नॉमिनी कंपनीला मोकळं करण्यापुरता असतो. मालमत्ता मृत्युपत्राप्रमाणे किंवा वारसा कायद्याप्रमाणेच जाते.

म्हणजे इतकी साधी गोष्ट पक्की व्हायला २०१० पासून तेरा वर्षं लागली. आजही शाखेत गेलात तर नॉमिनीचा फॉर्म भरून घेणारा कर्मचारी हे सांगत नाही. तरुण मुलगा अपघातात जातो, नॉमिनी पत्नी असते, पैसे तिच्या खात्यात जमा होतात. हिंदू वारसा कायद्यानुसार मुलाच्या आईचाही त्यात सुनेइतकाच हिस्सा असतो, हे दोघींनाही ठाऊक नसतं. वडील पहिल्या वर्गातले वारस नाहीत, आई आहे. पुढे कोणीतरी ते सांगतं, आणि तोवर पैसा खर्च झालेला असतो. घर फुटायला पैशाचं निमित्त होतं खरं, पण त्याआधी वेळेवर न मिळालेली माहिती कारण झालेली असते.

सोसायटीच्या फ्लॅटचंही तसंच. महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्यात २०१९ मध्ये गृहनिर्माण संस्थांसाठी स्वतंत्र प्रकरण आलं. त्यातलं कलम १५४ब-१३ सांगतं की सभासद वारल्यावर संस्थेनं नॉमिनीला तात्पुरता सभासद करून घ्यावं, आणि मृत्युपत्र, सक्सेशन सर्टिफिकेट, हेअरशिप सर्टिफिकेट किंवा वारसांनी मिळून केलेला कौटुंबिक व्यवस्थेचा दस्त यांपैकी काही आलं की खऱ्या हक्कदाराच्या नावे हस्तांतर करावं. तरतूद चांगली आहे. पण मृत्युपत्र खरं की खोटं, हे ठरवायचं कोणी? मुंबईत आजवर त्याचं उत्तर प्रोबेट हे होतं. कलम २१३ गेल्यावर तो भार बिनपगारी काम करणाऱ्या सेक्रेटरीवर आला आहे. तो घाबरून पूर्वीसारखंच प्रोबेट मागत राहील, नाहीतर न घाबरता एखादं बनावट मृत्युपत्र स्वीकारून बसेल. सक्ती उठवताना त्या जागी काय येणार, हे सांगायचं राहून गेलं आहे.

प्रोबेट कितीही तापदायक असलं तरी त्याचं एक मोल होतं, हे इथे मान्य करायला हवं. महाराष्ट्रात त्याची कोर्ट फी कमाल ७५ हजार रुपये. वाद नसेल तर हे काम काही महिन्यांत होतं. पण कोणी कॅव्हेट दाखल करून हरकत घेतली की अर्जाचा दावा होतो, साक्षीपुरावे होतात, डॉक्टरांची उलटतपासणी होते. बाळासाहेब ठाकरे यांचं निधन नोव्हेंबर २०१२ मध्ये झालं. त्यांच्या मृत्युपत्राला मुलगा जयदेव ठाकरे यांनी दिलेलं आव्हान मागे घेतलं गेलं ते २०१८ मध्ये. मात्र एकदा प्रोबेट हाती पडलं की ते साऱ्या जगाविरुद्ध चालतं, दुसऱ्या टेबलावर पुन्हा काही सिद्ध करावं लागत नाही. ज्या एकाच गोष्टीसाठी प्रोबेट टिकवण्यासारखं होतं ती ही होती, आणि ती आता ऐच्छिक झाली.

गावाकडे चित्र आणखी गुंतागुंतीचं आहे. जमीन महसूल संहितेचं कलम १४९ म्हणतं की हक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांत तलाठ्याला कळवा. मग वारस प्रकरणांच्या नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना ६-क मध्ये, चौकशी करून नावं लिहायची. नमुना ६ मध्ये फेरफार धरायचा. संबंधितांना नोटीस द्यायची. हरकतीसाठी पंधरा दिवस थांबायचं. मंडळ अधिकाऱ्यानं नोंद प्रमाणित करायची. मग सातबाऱ्यावर नाव यायचं. रचना उत्तम आहे आणि फुकट आहे. हल्ली ‘ई-हक्क’ प्रणालीवर घरबसल्या अर्जही करता येतो. तरीही लाखो सातबारे आजोबांच्या, पणजोबांच्या नावांवर राहिले. त्यामुळे पीककर्ज अडतं, रस्त्यात जमीन गेली तर मोबदला अडतो, अनुदान अडतं. २०२५ मध्ये राज्य सरकारनं ‘जिवंत सातबारा’ मोहीम काढली, ती आधी बुलढाण्यात आणि मग १ एप्रिलपासून राज्यभर. गावात चावडीवाचन करून मयत खातेदारांची यादी काढायची आणि त्यांच्या जागी वारसांची नावं लावायची. सरकारनं मनावर घेतलं तर वारस सिद्ध करायला वारसाला हेलपाटे घालावे लागत नाहीत, सरकारच गावात येऊ शकतं, हे या मोहिमेनं दाखवून दिलं. ही गेल्या अनेक वर्षांतली महसूल खात्याची सर्वांत चांगली कल्पना आहे, आणि ती मोहिमेपुरती न ठेवता कायमची व्हायला हवी.

पण ६-क च्या त्या कागदावर नावं कोणाची येतात, तिथेच खरी मेख आहे. वारसांचं प्रतिज्ञापत्र बहुधा थोरला मुलगा करतो. त्यात बहिणींची नावं कधी येतच नाहीत, कधी ‘इतर हक्कात’ ढकलली जातात. कित्येक सातबाऱ्यांवर ‘एकुमॅ’ अशी जुनी नोंद असते: एकत्र कुटुंब मॅनेजर. एका भावाचं नाव वर, बाकीच्यांचा हक्क त्याच्या भरवशावर, आणि बहिणींचा तर कोणाच्याच नाही. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतका जन्मसिद्ध हक्क देणारा बदल महाराष्ट्रानं देशाच्या आधी, १९९४ मध्येच केला होता. केंद्रानं तो ९ सप्टेंबर २००५ पासून देशभर लागू केला, आणि वडील तेव्हा हयात असोत वा नसोत, मुलीचा हक्क अबाधित आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं ११ ऑगस्ट २०२० रोजी ठणकावून सांगितलं. तरी वारस नोंदीच्या सुमारास माहेरून फोन येतो, ‘ताई, एका सहीसाठी ये.’ ती सही हक्कसोड पत्रावर असते. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात सकाळी अकराच्या सुमाराला जाऊन उभं राहिलं तर भावाच्या गाडीतून उतरणाऱ्या अशा दोघी-तिघी हमखास दिसतात. कोणी राजीखुशीनं सही करतं, तो तिचा अधिकार आहे. पण सही केली नाही तर माहेर तुटेल या भीतीनं केलेली सही राजीखुशीची नसते, आणि आपण कशावर सही करतो आहोत हे तिला वाचून दाखवण्याची तसदी तरी व्यवस्थेनं घ्यायला हवी.

बाईच्या स्वतःच्या कमाईचं काय होतं, ते तर अधिक अन्यायाचं आहे. हिंदू वारसा कायद्याच्या कलम १५ नुसार मूलबाळ नसलेली विधवा मृत्युपत्र न करता गेली, तर तिनं स्वतः मिळवलेली मालमत्ता आधी पतीच्या वारसांकडे जाते. तिच्या आईवडिलांचा नंबर त्यानंतर लागतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २००९ च्या एका निकालातली स्त्री १९५५ मध्ये लग्न होऊन तीन महिन्यांत विधवा झाली. सासरच्यांनी घराबाहेर काढलं. माहेरी राहून ती शिकली, नोकरीला लागली, पैसा साठवला, आणि १९९६ मध्ये मृत्युपत्र न करता गेली. तिचा पैसा मागायला तिचं माहेर आलं आणि तेच सासरही आलं. न्यायालयाला सहानुभूती होती, पण कायद्याची अक्षरं सासरच्या बाजूनं होती, आणि पैसा सासरी गेला. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती बी. व्ही. नागरत्ना यांच्या पीठानं देशातल्या स्त्रियांना, विशेषतः हिंदू स्त्रियांना, मृत्युपत्र करून ठेवण्याचं आवाहन केलं. आवाहन मोलाचं आहे. साध्या कागदावर, दोन साक्षीदारांसमोर, स्टॅम्प पेपर किंवा नोंदणीशिवायही मृत्युपत्र वैध होतं, हे प्रत्येक नोकरदार बाईला माहीत असायला हवं. पण कलम १५ दुरुस्त करण्याचं काम संसदेचं आहे, आणि ते बायकांच्या दूरदृष्टीवर सोडून देता येणार नाही.

या सगळ्यात एक गोष्ट आपण जवळपास विसरूनच गेलो आहोत. मयताच्या मालमत्तेचा कारभार म्हणजे नुसती वाटणी नव्हे, हिशोब आहे. १९२५ च्या कायद्यानं त्याचा क्रम आखून दिला आहे. आधी अंत्यविधीचा आणि शेवटच्या आजारपणाचा खर्च, मग कोर्टाचा खर्च, मग मृत्यूआधीच्या तीन महिन्यांत मयतासाठी राबलेल्या मजुराचा, कारागिराचा, घरगड्याचा पगार, मग बाकीची कर्जं, आणि उरलं तर वारसांना. शंभर वर्षांपूर्वीच्या कायदेकर्त्याला घरकाम करणाऱ्या बाईचा थकलेला पगार आठवला, हे आवर्जून सांगण्यासारखं आहे. प्रोबेट घेतलेल्या एक्झिक्युटरनं, म्हणजे मृत्युपत्र अमलात आणणाऱ्यानं, सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि वर्षभरात जमाखर्च कोर्टात द्यायचा, असाही नियम आहे. आपल्याकडच्या बिनमृत्युपत्राच्या घरांत अशी यादी कोणीच करत नाही. म्हणून काय होतं? कर्जवसुलीचा माणूस विधवेच्या दारात येतो आणि तिला वाटतं की नवऱ्याचं सगळं देणं आता आपल्या पगारातून जाणार. ती स्वतः सहकर्जदार किंवा जामीनदार नसेल तर तिच्यावर वैयक्तिक देणं नाही, जे वारशानं आलं तेवढ्यापुरतंच ते आहे. यादी असती तर ही मर्यादा कागदावर दिसली असती. दुसरीकडे, ज्याची यादी नाही ते विसरलं जातं. मार्च २०२४ अखेर दहा वर्षं कोणी न विचारलेल्या बँक ठेवींचे ७८ हजार कोटींहून अधिक रुपये रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाऊन पडले होते. त्यात गुरुजींसारख्या किती जणांच्या ठेवी असतील! वारसांनी रिझर्व्ह बँकेच्या ‘उद्गम’ पोर्टलवर एकदा नाव टाकून पाहायलाच हवं.

शेजारच्या गोव्यात मात्र सुरुवातच यादीपासून होते. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेचा वारसा तिथल्या २०१२ च्या उत्तराधिकार कायद्यानं पुढे नेला. तो डिसेंबर २०१६ पासून अमलात आहे. गोव्याचा माणूस ‘इन्व्हेंटरी’ म्हणतो, ती ही प्रक्रिया. घरातली एक जबाबदार व्यक्ती, बहुधा मागे राहिलेला जोडीदार, कुटुंबप्रमुख म्हणून शपथेवर सगळी मालमत्ता आणि सगळं देणं मांडते. जोडीदाराचा अर्धा हिस्सा आधीच त्याचा असतो, तो बाजूला काढला जातो. सगळ्या वारसांना नोटीस जाते, मुलींनाही, लंडनला असलेल्यांनाही. मृत्युपत्र केलं तरी मुलांना पूर्ण डावलता येत नाही. आपल्या मालमत्तेच्या निम्म्याच भागाची विल्हेवाट माणसाला मनासारखी लावता येते. एखादं घर सगळ्यांनाच हवं असेल तर वारसांत आपापसात बोली लागते, जास्त बोलणारा घर घेतो आणि बाकीच्यांच्या हिश्शाचे पैसे देतो. शेवटी एकच हुकूम निघतो आणि तो सगळीकडे चालतो. वाद नसेल तर विशेष नोटरीसमोर वारसांचा दस्त करूनही काम भागतं. गोव्यातही इन्व्हेंटरी वर्षानुवर्षं न केलेली घरं आहेत, त्यामुळे पिढ्यांमागून पिढ्या मालक वाढत गेले आणि कौलं खाली आली. तरीही जो ती करतो, त्याला दहा टेबलांवर दहा वेळा शपथ घ्यावी लागत नाही.

महाराष्ट्रानं गोव्याचा कायदा उचलून आणावा, असं कोणी म्हणणार नाही. पण त्यातला गाभा आणता येण्यासारखा आहे, आणि असा बदल होऊ शकतो याचा ताजा पुरावाही समोर आहे. रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर २०२५ मध्ये मृत खातेदारांच्या दाव्यांबाबत सगळ्या बँकांना एकच नियमावली दिली. नॉमिनी नसला तरी व्यापारी बँकेत १५ लाखांपर्यंत, सहकारी बँकेत ५ लाखांपर्यंत कोर्टाचा कागद मागायचा नाही. कागदपत्रं पूर्ण झाल्यापासून १५ दिवसांत दावा निकाली काढायचा. उशीर केला तर बँकेनं व्याजरूपानं भरपाई द्यायची, आणि लॉकरच्या बाबतीत दिवसाला ५ हजार रुपये द्यायचे. वारसदाखल्याऐवजी कुटुंबाला ओळखणाऱ्या त्रयस्थ माणसाचं निवेदनही चालेल. एका नियामकानं ठरवलं आणि देशभरच्या बँकांना नमुना एक झाला. पण पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या कक्षेत येत नाहीत, आणि ग्रामीण महाराष्ट्राचा घामाचा पैसा तर तिथेच आहे. त्यांच्यासाठी असाच आदेश सहकार खात्यानं काढायला हवा, आणि तो काढायला नवा कायदा लागत नाही.

त्याच्या पुढचं पाऊल राज्य विधिमंडळाचं आहे. मृत्यूची नोंद झाली की गाव नमुना ६-क सारखीच चौकशी शहरातही व्हावी, गावात ग्राम महसूल अधिकाऱ्यानं आणि शहरात तहसीलदारानं. आई, पत्नी, मुलगे, मुली अशी सगळी नावं रेशनकार्ड, शाळेचे दाखले आणि मतदारयादीशी ताडून घ्यावीत. प्रत्येक वारसाला, विशेषतः लग्न होऊन गेलेल्या मुलींना, त्यांच्या स्वतःच्या पत्त्यावर आणि स्वतःच्या मोबाइलवर नोटीस जावी. मुदतीत हरकत आली नाही तर एक वारस दाखला निघावा, आणि तो सातबारा, सोसायटी, पतसंस्था, मिळकत कर, महावितरण, आरटीओ, सगळीकडे बंधनकारक असावा. हरकत आली तर, आणि तरच, प्रकरण कोर्टात जावं. दाखल्यासोबत मालमत्ता आणि देण्यांची शपथेवरची यादी जोडलेली असावी. बहिणीचं नाव एकदा या दाखल्यावर आलं की ते एका कार्यालयात लावून दुसऱ्या कार्यालयातून वगळता येणार नाही. हक्कसोड करायचीच असेल तर ती आपला हिस्सा किती आणि त्याची किंमत काय, हे पाहून करेल.

मुंबईपुरतं तर यापेक्षा तातडीचं काम आहे. प्रोबेटची सक्ती गेल्यावर मृत्युपत्र घेऊन येणाऱ्या वारसाकडून सोसायटीनं नेमके कोणते कागद मागायचे, इतर वारसांना नोटीस किती दिवसांची द्यायची आणि हरकत आली तर काय करायचं, हे सहकार आयुक्तांनी एका परिपत्रकानं सांगावं. ते न सांगितल्यास रद्द झालेलं कलम सोसायट्यांच्या ठरावांतून जिवंत राहील. आणि ज्या रेग्युलेशनखाली आजही वारसदाखले निघतात, त्याला २०२७ मध्ये दोनशे वर्षं होत आहेत. त्याआधीच्या एखाद्या अधिवेशनात एकाच वारस दाखल्याचं विधेयक मांडता येईल.